खाटेवरचं मूल, घरातलं मूल

१ जुलै २०२४ पासून महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजना महाराष्ट्रातल्या सगळ्या कुटुंबांना लागू झाली. रेशन कार्ड पिवळं, केशरी की पांढरं हा प्रश्न मागे पडला, दीड लाखाची मर्यादा पाच लाखांवर गेली आणि उपचारांची यादी १,३५६ वर पोहोचली. ही गोष्ट लहान नाही. हृदयाच्या झडपेसाठी शेत गहाण टाकलेली घरं ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना या योजनेची किंमत समजावून सांगावी लागत नाही. तरीही सेरेब्रल पाल्सी असलेल्या चार वर्षांच्या मुलाला कडेवर घेऊन त्याची आई रुग्णालयात योजनेचं काम पाहणाऱ्या आरोग्यमित्राच्या टेबलापाशी पोहोचते, तेव्हा तिला मिळणारं उत्तर ठरलेलं असतं : ओपीडीला कार्ड चालत नाही.

आरोग्यमित्र तिला फसवत नसतो. योजनेची रचनाच तशी आहे. रुग्ण भरती व्हावा, यादीतला उपचार व्हावा, पॅकेजची रक्कम रुग्णालयाला मिळावी, शस्त्रक्रियेनंतरच्या काही ठरावीक तपासण्यांची सोय व्हावी, इथपर्यंत तिची धाव. केंद्राची आयुष्मान भारत योजना २०२० पासून राज्यात हिच्याशी जोडून चालते. तीही याच पायावर उभी आहे. या मुलाला मात्र भरती व्हायचंच नाही. त्याला आठवड्यातून तीन-चार वेळा फिजिओथेरपी हवी, बोलण्या-गिळण्यासाठी स्पीच थेरपी हवी, झटके येऊ नयेत म्हणून रोजचं औषध हवं, पाय आखडू नयेत म्हणून स्प्लिंट हवेत. आणि मूल वाढतं, म्हणून ते ठरावीक काळाने बदलायलाही हवेत. यातल्या कशासाठीही खाट लागत नाही. म्हणून पाच लाखांतला रुपयाही इथपर्यंत पोहोचत नाही.

आपण सार्वजनिक आरोग्यसंरक्षण खाटेला बांधून टाकलं आहे, हे माझं मुख्य म्हणणं. आजार ही एक घटना आहे, ती येते, खर्च होतो, ती निघून जाते, असं गृहीत धरून सगळं कोष्टक आखलेलं आहे. अपंगत्व असलेल्या मुलाच्या आयुष्यात अशी घटना अधूनमधून येते. त्याची खरी गरज रोजची असते आणि ती वर्षानुवर्षं चालते. पाचाचे दहा लाख केले तरी बहुतेक अशा मुलांच्या पदरात काही वाढणार नाही.

हे असं का झालं याला कारणं आहेत, आणि ती सगळीच वाईट नाहीत. शस्त्रक्रिया मोजता येते. तिचा दर ठरवता येतो, आधीचे-नंतरचे एक्स-रे संगणकावर चढवता येतात, वर्षाचा खर्च किती येईल याचा अंदाज बांधता येतो. शिवाय मोठ्या बिलानं घर बसतं, तेव्हा आधी मोठ्या बिलाची सोय करा, हा विचार सहज पटणारा आहे. प्रत्यक्षात भारतीय कुटुंबांच्या खिशातून आरोग्यावर जो पैसा जातो त्यात सर्वांत मोठा वाटा औषधांचा आहे. पण औषधाच्या दुकानातल्या रोजच्या बिलाचा फोटो वर्तमानपत्रात येत नाही. एखादं ऑपरेशन मोफत झालं की पालकमंत्र्यांच्या हस्ते पेढे वाटता येतात. तीन वर्षांच्या थेरपीनंतर एक मूल आधाराशिवाय बसू लागलं, याचा कार्यक्रम कोणत्या दिवशी ठेवणार?

या रचनेचा परिणाम मात्र विचित्र होतो. सेरेब्रल पाल्सीत स्नायूंचा ताठरपणा तसाच राहू दिला तर सांधे आखडत जातात, खुबा हळूहळू जागेवरून सरकू लागतो. व्यायाम, स्प्लिंट आणि वेळच्या वेळी काढलेला खुब्याचा एक्स-रे यांनी यातलं बरंच टाळता येतं किंवा लांबवता येतं. त्याचे पैसे आपण देत नाही. खुबा निखळला की शस्त्रक्रिया, भरती, पॅकेज अशी साखळी सुरू होऊ शकते आणि तिथे व्यवस्था तत्परतेनं पुढे येते. ऑपरेशननंतर पुन्हा काही महिन्यांची फिजिओथेरपी लागते; तिच्याविना ऑपरेशनचा फायदा वाहून जातो. त्या टप्प्यावर व्यवस्था पुन्हा मागे सरते. म्हणजे बिघडेपर्यंत आम्ही थांबतो, बिघडल्यावर खर्च करतो, आणि केलेला खर्च टिकवायला नकार देतो.

याच्या उलट बाजूचं उदाहरणही आपल्याकडेच आहे. जन्मतः पाऊल आत वळलेलं असणं, ज्याला क्लबफूट म्हणतात, ते साधारण हजार जन्मांमागे एका बाळात दिसतं. इग्नासिओ पॉन्सेटी या डॉक्टरांनी अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात त्यावर जी पद्धत बसवली ती आज जगभर चालते. दर आठवड्याला प्लास्टर बदलत पाऊल थोडंथोडं सरळ करायचं, पाच-सहा प्लास्टरांनंतर बहुतेक बाळांच्या टाचेमागची शीर छोट्याशा छेदानं मोकळी करायची, आणि मग पायाला दांडीचे बूट. हे बूट पहिले तीन महिने जवळजवळ दिवसभर आणि पुढे चार वर्षांचं होईपर्यंत झोपताना घालायचे. मोठं ऑपरेशन नाही, मुक्काम नाही. यश अवलंबून असतं ते बुटांवर : बाळ रडतं म्हणून आईनं ते काढून ठेवले किंवा पुढच्या मापाचे मिळाले नाहीत, तर पाऊल परत वळतं. सरकारी रुग्णालयांमधून जिथे ठरलेल्या दिवशी क्लबफूट क्लिनिक चालतं, बूट तिथेच मिळतात आणि गैरहजर राहिलेल्या आईला फोन जातो, तिथे मुलं धावतात. संरक्षण म्हणजे काय, याची मला सापडलेली ही सर्वांत नेमकी व्याख्या आहे, आणि तिच्यात विमा शब्दाला कुठे जागा नाही.

योगायोगानं त्याच आयोवा राज्यात खाट की घर हा वाद एकदा उघडपणे लढला गेला. केटी बेकेट ही मुलगी १९७८ साली सीडर रॅपिड्स इथे जन्मली. काही महिन्यांची असताना तिला मेंदूज्वर झाला, श्वासासाठी यंत्र लागू लागलं. तिचा रुग्णालयाचा खर्च मेडिकेड ही सरकारी योजना करत होती. तीन वर्षांची झाल्यावर तिला घरी नेता येईल असं डॉक्टरांचं मत पडलं, पण ती घरी गेली की नियमानुसार आईवडिलांचं उत्पन्न तिच्या नावे धरलं जाणार होतं आणि तिची पात्रता जाणार होती. रुग्णालयात राहिली तर सरकार सगळं भरणार, घरी गेली तर जवळजवळ काहीच नाही. आणि घरचा खर्च तर रुग्णालयाच्या खर्चाच्या सहाव्या हिश्शाइतका. नोव्हेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी पत्रकार परिषदेत हे उदाहरण दिलं. सरकारी खर्चाला कात्री लावायला निघालेल्या माणसानं ते द्यावं यात एक गंमत आहे, पण नियम बदलला. १९८२ च्या कायद्यानं राज्यांना मुभा मिळाली : मुलाची गरज रुग्णालयात ठेवण्याइतकी असेल आणि घरचा खर्च त्याहून जास्त नसेल, तर आईवडिलांचं उत्पन्न न मोजता त्याला घरी मेडिकेड द्यावं. केटी ३४ वर्षं जगली.

अमेरिकेची व्यवस्था डोक्यावर घ्यावी असं मला वाटत नाही. तिथे राज्याराज्यांत नियम बदलतात आणि घरपोच सेवांच्या प्रतीक्षायाद्या काही ठिकाणी वर्षांच्या असतात. पण त्या एका प्रकरणातून दोन मुद्दे कायमचे वेगळे काढता आले. उपचार कुठे होतो यावर पैसा ठरू नये, हा पहिला. दुसरा अधिक अवघड : अपंगत्व असलेल्या मुलाची पात्रता त्याच्या गरजेवरून ठरावी, आईबापांच्या उत्पन्नावरून नव्हे.

आपण दुसऱ्या मुद्द्याच्या जवळही गेलेलो नाही. आयुष्मान भारतचे लाभार्थी ज्या २०११ च्या सामाजिक-आर्थिक-जात सर्वेक्षणातून निवडले गेले, त्यात ग्रामीण कुटुंबाच्या वंचिततेचा एक निकष असा होता : घरात अपंग व्यक्ती आहे आणि एकही धडधाकट प्रौढ नाही. निकष लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कमावता हात नसलेलं घर असणार. पण अपंगत्व असलेल्या मुलाच्या घरात धडधाकट आई असते आणि नेमकी तीच कामावर जाऊ शकत नाही. मूल उचलायचं, भरवायचं, थेरपीला न्यायचं, रात्री कूस बदलायची, यात तिचा दिवस आणि तिची मजुरी जाते. कागदावर ती सक्षम प्रौढ म्हणून मोजली जाते आणि तिच्या सक्षम असण्यामुळेच घर त्या निकषातून बाहेर पडतं. महाराष्ट्रानं आता रेशन कार्डाची भिंत पाडली हे चांगलंच झालं. पण जिथे ही भिंत पडली तिथे आत खाटाच आहेत.

२०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात याहून पुढचं लिहिलेलं आहे. कलम २५ मध्ये जवळच्या परिसरात, विशेषतः ग्रामीण भागात, मोफत आरोग्यसेवा, आणि उपचारात प्राधान्य आहे. कलम २४ मध्ये मोफत औषधं, तपासण्या, साधनं आणि सर्वंकष विमा योजना यांचा उल्लेख आहे. फक्त मोफत सेवेच्या बाजूला 'अधिसूचित होईल त्या कौटुंबिक उत्पन्नाच्या अधीन' अशी पाचर आहे आणि सामाजिक सुरक्षेच्या कलमाला 'आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत' अशी. कायद्यानं ताट वाढलं आणि वाटी उपडी ठेवली.

मग जे आहे ते काय आहे? केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यासाची निरामय योजना. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार अवस्थांसाठी वर्षाला एक लाखापर्यंतचं संरक्षण. दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला नोंदणीचे २५० रुपये, इतरांना ५००. आधीपासून असलेला आजार चालतो, वैद्यकीय चाचणीची अट नाही, आणि मुख्य म्हणजे ओपीडी आणि थेरपीचे पैसे मिळतात. खाटेची अट सोडणारी ही देशातली दुर्मीळ सरकारी योजना. तिच्याविषयी मला आदर आहे, म्हणूनच तिच्यावर रागही आहे. त्या एक लाखाचे कप्पे पाडलेले आहेत आणि सर्वांत मोठा कप्पा पुन्हा भरती व शस्त्रक्रियेचाच. वर्षभर चालणाऱ्या थेरपीला त्यातला लहान वाटा. पैसे आधी खिशातून भरायचे, बिलं, प्रिस्क्रिप्शनं जमवायची आणि मग परतावा मागायचा. ज्या घरात आधी भरायला पैसे नाहीत तिथे परतावा ही श्रीमंतांची सोय होऊन बसते. ३१ मार्चला मुदत संपते, दर वर्षी नूतनीकरण. मुलाची सेरेब्रल पाल्सी १ एप्रिलला संपत नसते.

शिवाय फक्त चार अवस्था. २०१६ च्या कायद्यानं अपंगत्वाचे प्रकार सातावरून एकवीसवर नेले. निरामय राष्ट्रीय न्यासाच्या १९९९ च्या कायद्यातल्या चारांवर थांबली. मस्क्युलर डिस्ट्रॉफी, श्रवणदोष, थॅलेसेमिया, अंधत्व बाहेर. बाहेरच्यांपैकी काही गटांसाठी २०१५ मध्ये स्वावलंबन नावाची दोन लाखांची विमा योजना आली होती. ती पुढे बंद झाली. खासगी विम्याचं दार दिल्ली उच्च न्यायालयाच्या डिसेंबर २०२२ च्या आदेशामुळे आणि त्यानंतर विमा नियामकाच्या परिपत्रकामुळे थोडं किलकिलं झालं, पण तिथेही प्रतीक्षाकाळ आहेत, आणि मुळात तेही भरतीचंच संरक्षण.

'रोजच्या उपचाराचे पैसे सरकार देऊच शकत नाही, गैरवापर होईल' असं सांगणाऱ्यांना मला एक गोष्ट दाखवावीशी वाटते. सरकार ते देतंच आहे. केंद्रीय कर्मचाऱ्यांच्या सीजीएचएस योजनेत ओपीडी आहे, औषधं आहेत, आणि कायमचं अपंगत्व असलेल्या अवलंबून मुलाला वयाची अट नाही. कर्मचारी राज्य विमा कायद्यातल्या कुटुंबाच्या व्याख्येतही असं मूल अवलंबून असेतोवर धरलेलं आहे आणि दवाखान्यातले रोजचे उपचार मिळतात. म्हणजे सरकारी बाबूच्या आणि गिरणी-कारखान्यातल्या कामगाराच्या मुलाची गरज व्यवस्थेला कळते. ऊसतोड मजुराच्या, रिक्षावाल्याच्या, दोन एकरवाल्याच्या मुलाची गरज कळण्यात अडचण कुठली?

इथे मला माझ्याच युक्तिवादाला आवर घालायला हवा. उद्या फुले योजनेत थेरपीचं पॅकेज आलं तर काय होईल? पुण्या-नाशिकमध्ये सेंटर फुलतील, बिलं वाढतील. गडचिरोली जिल्ह्यातल्या सिरोंच्यात काहीच होणार नाही, कारण तिथे पैसे द्यायला कोणी थेरपिस्टच नाही. सिरोंचा ते गडचिरोली हे अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात आहे. हा प्रवास आठवड्यातून दोनदा मुलाला घेऊन करा असं सांगणं म्हणजे उपचार नाकारणंच. विमा हा मागणीचा कागद आहे. समोर सेवा असेल तरच तो वटतो.

सेवेची रेघ आखलेली आहे आणि ती महाराष्ट्रातच सुरू झाली. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा प्रारंभ ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाला. दोन वैद्यकीय अधिकारी, परिचारिका, औषधनिर्माता असं पथक गाडीतून अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा जातं, सहा आठवड्यांपासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं तपासतं, आणि ज्यांना उपचार हवा त्यांना जिल्ह्याच्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राकडे पाठवतं. आराखडा उत्तम आहे. शोध गावात, उपचार जिल्ह्याला, हे त्याचं दुखणं. गावातल्या अंगणवाडीत सापडलेलं मूल जिल्ह्याच्या केंद्रात पहिल्यांदा जातं, दुसऱ्यांदाही जातं, आणि मग पेरणी येते, धाकट्याचा ताप येतो, एसटीचं भाडं येतं. नोंदवहीत त्या मुलापुढे 'संदर्भित' असा शब्द असतो आणि काम झालेलं असतं.

तालुक्याला थेरपिस्ट आणणं अशक्य आहे का? फिजिओथेरपीची पदवी घेऊन दर वर्षी बाहेर पडणारे आणि शहरात तुटपुंज्या पगारावर काम करणारे तरुण पाहिले की तसं वाटत नाही. आणि प्रत्येक गोष्टीला तज्ज्ञच लागतो हेही खरं नाही. गोव्यात आणि पाकिस्तानातल्या रावळपिंडीत स्वमग्न मुलांच्या आईवडिलांना प्रशिक्षण देण्याचा एक प्रयोग झाला. तो तज्ज्ञांनी नव्हे, प्रशिक्षित साध्या आरोग्य कार्यकर्त्यांनी चालवला. २०१६ मध्ये 'लॅन्सेट सायकिअ‍ॅट्री'त आलेल्या निष्कर्षांनुसार पालक आणि मूल यांच्यातला संवाद त्यातून सुधारला. चमत्कार नाही, पण मुलाच्या भाषेचा पाया जिथे घातला जातो तिथे झालेला बदल आहे. ग्रामीण रुग्णालयात आठवड्याचे ठरलेले दिवस बसणारा एक थेरपिस्ट, त्याच्या देखरेखीखाली गावात जाणारी प्रशिक्षित कार्यकर्ती, आणि स्प्लिंट दुरुस्त करणारं तालुक्याचं छोटं वर्कशॉप : एवढ्यावर बऱ्याच मुलांचं बरंच भागेल.

अपंगत्वाच्या प्रमाणपत्राचं काय, हा प्रश्न उरतोच, कारण या सगळ्याची चावी तीच. टक्के किती, हा पहिला सवाल. चाळीसच्या खाली आलात तर बरीचशी दारं बंद. बौद्धिक अक्षमतेच्या बाबतीत २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांनी पाच, दहा आणि अठरा या वयांत फेरतपासणी ठेवली. वाढत्या मुलात बदल होतो, म्हणून ती समजण्यासारखी आहे. पण सर्वांत जास्त फरक पडतो तो पहिल्या दोन-तीन वर्षांत, आणि तेव्हा तर निदानही पक्कं झालेलं नसतं, टक्के लांबच. मूल उशिरा मान धरतं आहे एवढ्यावर थेरपी सुरू व्हायला हवी; प्रमाणपत्र मागाहून येईल. उपचारासाठी टक्के मागणं थांबवा आणि ते पेन्शन-आरक्षणापुरते ठेवा, ही माझी सूचना अनेक अधिकाऱ्यांना धाडसी वाटेल. खोट्या प्रमाणपत्रांची प्रकरणं अलीकडे बरीच गाजली आहेत. पण नोकरीसाठी कोणी खोटं अपंगत्व दाखवील. आठवड्यातून तीनदा मुलाचे पाय ताणून घेण्यासाठी कोण दाखवणार आहे?

सार्वजनिक व्यवस्था जिथे जात नाही तिथे बाजार जातो. सेरेब्रल पाल्सी आणि स्वमग्नतेवर स्टेम सेलच्या नावाखाली लाखो रुपये घेणारे आहेत. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत रक्ताच्या काही विकारांखेरीज स्टेम सेलचा वापर हा संशोधनाचा भाग आहे, बाजारात विकायचा उपचार नव्हे, असं स्पष्ट केलं. तरी दागिने विकून तिथे जाणाऱ्या आईबापांना मी भोळे म्हणणार नाही. सरकारी खिडकीवर 'कार्ड चालत नाही' ऐकून आलेल्या माणसाला कोणीतरी खुर्ची देऊन बसवलं आणि म्हटलं, 'होईल सुधारणा', तर तो ऐकणारच.

पैशाचं म्हणाल तर सुरुवात करायला नवा अर्थसंकल्पही लागत नाही. ग्रामपंचायतींनी स्वनिधीतले पाच टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. अनेक ठिकाणी मार्च उजाडला की ते घाईघाईनं समान वाटून टाकले जातात, दर माणशी काहीशे रुपये, सही घेऊन, फोटो काढून. तोच पैसा गावातल्या मुलांच्या थेरपीच्या दिवसाच्या गाडीभाड्याला आणि आईच्या त्या दिवशी बुडालेल्या मजुरीला बांधून द्या, असा ठराव एखादी ग्रामसभा उद्या करू शकते. तो ठराव कुठे जमतो आणि कुठे अडतो हे कळलं, तर पुढचं मुंबईत मागायला सोपं जाईल.